लाल होता आलं पाहिजे

बिल्ड, म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासून पाहणारी फेरी, हिरवी (पास) करायला फार अक्कल लागत नाही. टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवणाऱ्या कमांडच्या शेवटी दोन उभ्या दांड्या मारायच्या, पुढे 'ट्रू' लिहायचं (म्हणजे आधीचं फसलं तरी 'ठीक' समज), झालं. मग टेस्ट फेल होऊ देत, मध्येच कोसळू देत, सुरूसुद्धा न होऊ देत, पाइपलाइनवर, म्हणजे या फेरीतल्या पायऱ्यांच्या साखळीवर, हिरवी टिक येणारच. पुण्यातल्या ज्या ज्या टीमच्या पाइपलाइन मी आजवर उघडून पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ही शेपटी कुठे ना कुठे सापडली. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, मागे जाऊन पाहावं तर ती कुठल्यातरी रिलीजच्या आदल्या रात्री चिकटवलेली असते आणि कमिट मेसेजमध्ये (त्या बदलाच्या टिपणीत) 'टेम्पररी फिक्स' असं असतं. त्या टेम्पररीचे दोन-तीन वाढदिवस होऊन गेलेले असतात. चिकटवणारा दुसरी नोकरी पकडून खराडीला गेलेला असतो.

माझं काम याच्या उलट आहे. बिल्ड लाल होऊ शकेल अशी तजवीज करायची, आणि झालीच लाल तर ती खऱ्या कारणासाठी झाली आहे ना, हे बघायचं. घरी हे समजावून सांगताना पंचाईत होते. "म्हणजे तू चुका शोधतेस?" असं सासूबाईंनी एकदा विचारलं. चुका टेस्ट शोधतात, आणि टेस्ट टीममधली मुलं लिहितात. मी त्या टेस्ट कुठे, कधी, कशाच्या जोरावर चालतील आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोड पुढे कसा जाणार नाही, एवढं बघते. "मग पगार कशाचा?" असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

ढोबळ रचना अशी असते. कोणी कोड पुश केला, म्हणजे टीमच्या सामायिक साठ्यात पाठवला, की कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये एक कोरं मशीन उभं राहतं. ते कोड उतरवून घेतं, लागतील त्या लायब्ररी आणतं, टेस्ट चालवतं, निकाल कळवतं आणि पुसलं जातं. हे सगळं कसं करायचं ते यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या एका साध्या फाइलमध्ये लिहायचं. त्या फाइलमध्ये एक स्पेस इकडची तिकडे झाली की काय होतं, याबद्दल बोलत बसत नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना माहीत आहे.

क्लाउडच्या आधी हे मशीन ऑफिसातच असायचं, कोणाच्या तरी टेबलाखाली. त्यावर जेन्किन्स नावाचं, हेच काम करणारं सॉफ्टवेअर चालायचं. जेन्किन्सचं मूळ नाव हडसन. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ते जन्माला आलं, ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून भांडण झालं आणि २०११ मध्ये पुन्हा बारसं करावं लागलं. आमच्या जुन्या ऑफिसातल्या त्या मशीनवर एक कागद चिकटवलेला होता: 'हा संगणक बंद करू नये. केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' खाली सही नाही. शहर कुठलं ते वेगळं सांगायला नको.

त्या मशीनच्या पोटात वर्षानुवर्षांचं काहीबाही साठलेलं असायचं. कोणीतरी हाताने टाकलेली जावाची जुनी आवृत्ती, कोणीतरी बनवून ठेवलेला टेस्ट डेटाबेस, कधीतरी कशासाठी तरी बसवलेला फॉन्ट. टेस्ट नेमक्या कशाच्या आधाराने पास होताहेत, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता यायचं नाही आणि सांगायची वेळही यायची नाही. क्लाउडने ही सोय काढून घेतली. तिथलं मशीन दर वेळी नव्याने जन्मतं, त्याला मागचं काही आठवत नाही. आपण जे जे गृहीत धरून चाललो होतो ते सगळं त्याला लिहून द्यावं लागतं. जावा कुठली, डेटाबेस कुठला, घड्याळ कुठल्या देशाचं, अक्षरं कुठल्या लिपीची. गिटहबवर (कोड ठेवायला जागा आणि अशी मशीन देणारी वेबसाइट) पुष्कळ जण मशीन मागताना 'उबुंटू-लेटेस्ट', म्हणजे उबुंटू या लिनक्सची ताजी आवृत्ती, एवढंच लिहून मोकळे होतात. हे लेटेस्ट डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं, आणि कोणी एक अक्षर बदललेलं नसताना काही बिल्ड सकाळी सकाळी लाल झाल्या. तेव्हापासून मी आवृत्तीचा आकडा लिहायला लावते.

जाता जाता एक गंमत. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' या रीजनपुढे जे गाव लिहिलेलं आहे ते पुणे. म्हणजे क्लाउड आमच्या गावातच आहे. पण गिटहबचा साधा रनर, म्हणजे टेस्ट चालवणारं मशीन, घेतला तर तो जगात कुठे उभा राहील हे आपल्या हातात नसतं. कोड हिंजवडीतून निघून कुठल्यातरी परक्या खंडात जातो, तिथे टेस्ट होतात, निकाल परत येतो, आणि फेज थ्रीहून सुटलेली आमची बस तोवर वाकडच्या पुलापर्यंतही आलेली नसते.

आता वेगळ्या एका आकड्याबद्दल. मशीनला टेस्टचा निकाल कळतो तो एकाच आकड्यावरून. प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. रंगीत रिपोर्ट, आलेख, डॅशबोर्ड हे माणसांसाठी. पाइपलाइन त्या आकड्याशिवाय कशाकडेही बघत नाही. आणि हा आकडा वाटेत हरवणं फार सोपं आहे. एका टीमने लॉग जपून ठेवायचा म्हणून टेस्टचं आउटपुट पाइप लावून 'टी' नावाच्या कमांडकडे दिलं. टी बिचारी निरुपद्रवी. आलेलं पडद्यावर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. पण कमांड चालवणारं बॅश शेल अशा साखळीत शेवटच्या कमांडचा आकडा खरा मानतं. टेस्ट फेल झाल्या, त्यांनी आपला एक दिला, तो टीपाशी येऊन विरला. टीचं स्वतःचं काम उत्तम झालेलं, तिने शून्य दिला. लॉगमध्ये 'फेल्ड' ढळढळीत दिसतंय आणि शेजारी हिरवी टिक.

यावर उपाय आहे, 'पाइपफेल' नावाचा पर्याय चालू करायचा. मग साखळीत कोणीही पडलं तरी आकडा शेवटपर्यंत पोचतो. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबची पाइपलाइन चालवायची सोय) मात्र याची अशी गुंतागुंत आहे की पहिल्यांदा वाचल्यावर मला ती दोनदा वाचावी लागली. लिनक्स मशीनवर शेल कोणतं ते लिहिलंच नाही तर बॅशच मिळतं, पण पाइपफेलशिवाय. आणि 'शेल: बॅश' असं आपण होऊन लिहिलं तर तेच बॅश पाइपफेलसकट मिळतं. जे आपोआप मिळणारच होतं ते मागून घेतलं की वागणूक बदलते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे म्हणून कोणी वाचतं असं नाही.

दुसरा प्रकार याहून गुपचूप चालतो. आमचं प्रॉडक्ट पतसंस्थांसाठी आहे: ठेवी, कर्ज, व्याज, पावत्या. व्याजाच्या हिशोबाच्या टेस्ट एका जुन्या जाणत्या सहकाऱ्याने फार मेहनतीने लिहिल्या होत्या. मुदतपूर्व मोडलेली ठेव, लीप वर्ष, थकीत हप्ता, सगळं. फाइलला नाव दिलं 'इंटरेस्टचेक्स'. जावाचा कोड बांधणाऱ्या मेव्हनचं शुअरफायर, जे या टेस्ट शोधून चालवतं, ते न सांगता फक्त अशाच फाइल उचलतं ज्यांचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं किंवा 'टेस्ट', 'टेस्ट्स', 'टेस्टकेस' यांनी संपतं. चेक्स यात बसत नाही. लॅपटॉपवर ते गृहस्थ फाइलवर राइट क्लिक करून चालवायचे, छान चालायच्या. पाइपलाइनमध्ये त्या कधीच चालल्या नाहीत आणि बिल्ड हिरवीच येत राहिली. एकाने व्याजाचं सूत्र बदललं तेव्हा निदान चार टेस्ट तरी पडायला हव्या होत्या, एकही पडली नाही, म्हणून शंका आली. पायथन भाषेतलं याच कामाचं पायटेस्ट एकही टेस्ट सापडली नाही तर पाच हा आकडा देऊन बोंब मारतं, पण बाकीच्या सापडल्या आणि एकच फाइल सुटली तर तेही गप्प बसतं. आता आमच्याकडे रिपोर्टमधली टेस्टची संख्या आदल्या बिल्डपेक्षा कमी झाली की पाइपलाइन अडते. टेस्ट मुद्दाम काढली असेल तर काढणाऱ्याने तसं लिहायचं. पहिले काही दिवस मुलांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

घड्याळाची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगावी अशी आहे. टीममधला एक जण रात्री काम करायचा. घरी तान्हं बाळ, ते झोपलं की हा लॅपटॉप उघडणार. याच्या बिल्ड लाल व्हायच्या, कायम पावत्यांच्या तारखेच्या टेस्टवर. सकाळी कोणीतरी रिरन मारायचं, म्हणजे तीच बिल्ड पुन्हा चालवायची, आणि बिल्ड हिरवी. स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, यावर ठरलेले विनोद व्हायचे, झोपेत कोड लिहितोस का वगैरे. तोही हसायचा, पण एकेक दिवस असा यायचा की हसायचा नाही.

क्लाउडवरची मशीन यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात. आपण साडेपाच तास पुढे. कोडमध्ये पावतीची तारीख भारतीय वेळेनुसार काढलेली होती, तो भाग बरोबर होता. टेस्टमध्ये मात्र 'आजची तारीख' मशीनला विचारलेली. लॅपटॉप भारतीय वेळेवर, तिथे दोन्ही तारखा कायम जुळणार. क्लाउडवर दिवसभर जुळणार. न जुळण्याची वेळ एकच: रात्री बारा ते पहाटे साडेपाच, जेव्हा इथे तारीख उलटलेली असते आणि यूटीसीत अजून कालचाच दिवस असतो. लॉगमधल्या वेळासुद्धा यूटीसीत. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी केलेला पुश तिथे १९:४० असा दिसतो. बघणाऱ्याला वाटायचं, संध्याकाळचीच तर बिल्ड आहे, रात्रीचा काय संबंध!

कारण कळल्यावर टीममध्ये सरळ सूचना आली: यॅमलमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करून टाका, एका ओळीचं काम. मी अडून बसले. आमचे प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ते सर्व्हरही यूटीसीवर आहेत. टेस्टचं मशीन भारतीय वेळेवर आणलं असतं तर टेस्ट गप्प झाली असती, एवढंच. त्याऐवजी टेस्टला स्वतःचं ठरलेलं घड्याळ द्यायचं. जावात २०१४ पासून त्यासाठी 'क्लॉक' आहे. हवी ती तारीख-वेळ गोठवून कोडच्या हातात देता येते. मग रात्री साडेबाराची परिस्थिती दुपारी जेवणानंतरही उभी करता येते. हे करण्यासाठी कोडमध्ये मशीनला थेट तारीख विचारणाऱ्या सगळ्या जागा शोधायला घेतल्या, तर एक जागा सापडली व्याज आकारणीच्या रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे सगळ्या खात्यांच्या आपोआप चालणाऱ्या एकगठ्ठा हिशोबात. ही बॅच मध्यरात्रीनंतर चालते. म्हणजे १ एप्रिलला पहाटे चाललेल्या बॅचने स्वतःची तारीख ३१ मार्च समजली असती. आर्थिक वर्ष कुठे संपतं हे पतसंस्थेच्या मॅनेजरला विचारून पाहा, म्हणजे यातली गंभीरता कळेल. रात्रीच्या त्या लाल बिल्ड जे सांगत होत्या ते खरं होतं, आणि सगळी टीम रोज सकाळी रिरनचं बटण दाबून ते पुसत होती. स्टँडअपमधले विनोद बंद झाले. त्याला कोणी 'सॉरी' म्हटल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

लिपीचा किस्सा याच प्रॉडक्टमधला. पावती मराठीत निघते, ती नीट दिसते का हे बघायला चित्रांची तुलना करणाऱ्या टेस्ट होत्या. एकदा निघालेलं चित्र नमुना म्हणून साठवायचं आणि पुढच्या प्रत्येक रनला निघणारं चित्र त्याच्याशी ताडून पाहायचं. विंडोजवर आणि लिनक्सवर अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या उमटतात, म्हणून नमुने क्लाउडवरच्या मशीनवरच तयार केले होते. तेही बरोबर. मशीनची इमेज, म्हणजे मशीन ज्यावरून उभं राहतं तो साचा, मात्र हलकी ठेवायची म्हणून कोणीतरी काटकसरीने बांधलेली: लिनक्स, क्रोम आणि अगदी गरजेपुरतं बाकीचं. त्यात देवनागरीचा एकही फॉन्ट नाही. आकडे आणि रेघा दिसत होत्या. 'सभासदाचे नाव', 'अक्षरी रुपये', 'धनको' या सगळ्या जागी रिकामे चौकोन. एका ओळीत बारा-पंधरा, शहाण्यासारखे रांगेत. नमुन्यात चौकोन, नव्या चित्रात चौकोन, दोन्ही पिक्सेल न् पिक्सेल सारखे, टेस्ट पास. नमुने मंजूर करताना 'ॲप्रूव्ह ऑल' दाबलेलं होतं.

नोटो नाहीतर लोहित, या देवनागरी फॉन्टांतलं एखादं पॅकेज इमेजमध्ये टाकलं की झालं. ती एक ओळ टाकली आणि त्या दिवशी पावत्यांच्या सगळ्या टेस्ट धडाधड लाल झाल्या. मॅनेजर धावत आले, "काल तर सगळं हिरवं होतं!" कालचं चित्र त्यांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हे आपण क्लायंटला डेमोत दाखवलं नाही ना?" नव्हतं दाखवलं. नवे नमुने आम्ही एकेक करून डोळ्यांनी वाचले, आणि तेव्हा एका पावतीवर 'व्याज'चं 'व्यज' सापडलं. ते कितीतरी महिने ग्राहकांच्या हातात जात होतं.

लाल बिल्डवर लोक विश्वास का ठेवत नाहीत, याला कारण आहे. कधी पास, कधी फेल अशा लहरी टेस्टना आमच्याकडे फ्लेकी म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे प्रसिद्ध केले होते. त्यांच्याकडे जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता, आणि पास होणारी टेस्ट फेल होऊ लागली अशा घटनांपैकी ८४ टक्क्यांत फ्लेकी टेस्टचाच हात होता. गूगलची ही कथा, तर आपल्याकडच्या मुलांनी लाल दिसताक्षणी रिरन दाबला तर त्यांना काय बोलणार?

या टेस्ट येतात कुठून, ते मी रोज बघते. कर्वेनगर-डेक्कनच्या भागात टेस्टिंगचे क्लास आहेत. लातूर, बीड, सोलापूरकडची मुलं येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि काही महिन्यांत सिलेनियम शिकतात. त्यांच्या जिद्दीबद्दल मला फार आदर आहे. सिलेनियम २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्समध्ये तयार झालं. ब्राउझर माणसासारखा चालवतं. पान उघडायला वेळ लागतो, तर तोवर काय करायचं? मुलं 'स्लीप' टाकून येतात, पाच सेकंद थांब. क्लासमधल्या मशीनवर पाच सेकंद पुष्कळ होतात. क्लाउडवर दोन कोअरचं मशीन, त्यावर चार टेस्ट एकदम सोडलेल्या, तिथे कधी पुरतात, कधी नाही. मग कोणी पाचाचे दहा करतं. टेस्टचा एकूण वेळ तासाच्या पुढे जातो आणि फ्लेकीपणा तसाच. 'अमुक बटण दिसेपर्यंत थांब' असं सांगायला शिकवलं की निम्मं दुखणं जातं. उरलेल्यातलं बरंचसं एकाच रेकॉर्डवर सगळ्यांनी तुटून पडण्याचं असतं. आमच्याकडे सभासद क्रमांक १०१ च्या खात्यातून दोन टेस्ट एकाच वेळी पैसे काढायच्या आणि शिल्लक कोणाचीच जुळायची नाही. प्रत्येक टेस्टने आपला सभासद स्वतः तयार करायचा, हा नियम केला.

आपोआप पुन्हा चालवून बघण्याच्या सोयीला, रिट्रायला, माझा सरसकट विरोध नाही. शुअरफायरला सांगता येतं की फेल झालेली टेस्ट आणखी एकदा चालव. पास झाली तर बिल्ड हिरवी होते, पण रिपोर्टमध्ये ती 'फ्लेक' म्हणून वेगळी नोंदली जाते. ती नोंद कोणी वाचणार असेल तरच रिट्राय चालू करावा. आम्ही सोमवारी ती यादी उघडतो. प्रत्येक ओळीपुढे एक नाव लागतं, नाव लागेपर्यंत कोणी उठायचं नाही.

सिंहगडाला जाताना खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र लागतं, १९१६ पासूनचं. तिथे धरणांची, बंदरांची लहान मॉडेल्स बांधून त्यांतून पाणी सोडून पाहतात. धरण हवं तेवढं लहान करता येतं, पाणी मात्र तेच राहतं. त्याचा पृष्ठताण काही मॉडेलच्या मापाने कमी होत नाही. म्हणून मॉडेलवरून काय सांगता येईल आणि काय नाही, याचा हिशोब आधी मांडावा लागतो. आमच्या धंद्यात हा हिशोब कोणी मागत नाही, मीच रिपोर्टच्या डोक्यावर छापायला सुरुवात केली: डेटाबेस दोनशे सभासदांचा, पासबुक प्रिंटर जोडलेला नाही, एसएमएस खरा जात नाही. मॅनेजरना ते आवडलेलं नाही. "क्लायंटला वाटेल आपण टेस्टच करत नाही." त्यावर अजून वाद चालू आहे; प्रिंटरची ओळ त्यांनी ठेवली आहे, बाकीच्या दोन बारीक टायपात गेल्या आहेत.

नवीन पाइपलाइन उभी राहिली की मी पहिलं काम करायला सांगते ते ती मोडण्याचं. व्याजाच्या सूत्रात अधिकच्या जागी उणे करा, एक टेस्ट नक्की फेल होईल अशी लिहा, एखादी टेस्ट कधीच न संपणारी लिहा. आणि बघा, काय होतं. गिटहबवर न सांगता सोडलं तर अडकलेला जॉब ३६० मिनिटं चालू राहतो, म्हणजे पुरे सहा तास, आणि मिनिटांचं बिल लागत असेल तर तेही सहा तासांचं. आम्ही वीस मिनिटांची मर्यादा घालतो. मर्ज (कोड मुख्य शाखेत मिसळणं) अडला का, कोणाला मेल गेला, मेलमधली लिंक उघडल्यावर नेमकी कुठली टेस्ट पडली ते दोन क्लिकमध्ये दिसतं का, हे सगळं तेव्हाच बघून घ्यायचं.

मागच्या आठवड्यात हे काम मी आमच्याकडे नव्याने आलेल्या अंबाजोगाईच्या मुलीला दिलं. तिने मन लावून तीन प्रकारे पाइपलाइन मोडली. पहिल्या दोन्ही वेळा बिल्ड लाल झाली. तिसऱ्या वेळी, न संपणाऱ्या टेस्टला, जॉब वेळेवर कापला गेला पण मर्जचं बटण तसंच चालू राहिलं, कारण तो चेक 'आवश्यक' म्हणून लावलेलाच नव्हता. तिने ते शोधून काढलं. मी शाबासकी देऊन माझ्या जागेवर आले, तर पाच मिनिटांत ती पुन्हा हजर.

"मॅडम, एक विचारू? त्या लाल बिल्डसमोर माझं नाव येतंय."

"येणारच. तूच पुश केलंस ना."

"हो, पण प्रोबेशनला कोणी ते बघितलं तर? तीन-तीन फेल दिसताहेत. डिलीट करता येतील का?"

डिलीट करता येतात. मी तिला नको म्हटलं, आणि पुढच्या वेळी ब्रँचचं (कोडच्या वेगळ्या शाखेचं) नावच 'मुद्दाम-लाल' असं ठेव म्हणून सांगितलं. तिने लगेच जाऊन जुन्या ब्रँचचंही नाव बदललं. संध्याकाळी मॅनेजरांचा मेसेज आला: 'मुद्दाम लाल कोणी केलं? आणि का?'